पिशवीत सात रिपोर्ट, सातही निगेटिव्ह

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, जेवायच्या सुट्टीला पाच-दहा मिनिटं राहिली असतील तेव्हा तो दारात आला. आमचं आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र, एका उपजिल्हा रुग्णालयात ओपीडीच्या मागच्या अंगाला. इथं येणारा माणूस शक्यतो दारावरची पाटी दिसलीच नाही असं दाखवत पुढं जातो, इकडंतिकडं बघतो आणि मग झटकन आत शिरतो. हा मात्र सरळ आला, खुर्चीत बसायच्या आधीच हातातली कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळे रिपोर्ट बघा आणि खरं काय ते सांगा." सात रिपोर्ट होते. चार वेगवेगळ्या लॅबचे, तारखेप्रमाणे लावलेले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनानं दिवस लिहिलेला, सहावा, बारावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, पंचेचाळिसावा, साठावा, बहात्तरावा. सातही निगेटिव्ह.

ओळख पटेल असं सगळं मी इथं बदललंय आणि लिहायला त्याची परवानगी घेतलीये. लिहायचं कारण म्हणजे अशी मुलं आमच्याकडं सारखी येतात, आणि त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं ज्या पद्धतीनं वागत आले त्यातली चूक मला या केसमध्ये पहिल्यांदा नीट दिसली.

वय २८, गाव सातारा जिल्ह्यात, चाकण एमआयडीसीत एका कंपनीत काम, तीन मित्रांबरोबर पत्र्याच्या खोलीत राहायचा. लग्नाला दीड वर्ष झालेलं, बायको गावाकडं सासू-सासऱ्यांजवळ. जानेवारीच्या शेवटी, पगार झालेला, मित्र एका स्पामध्ये घेऊन गेले. तिथं काय झालं ते त्यानं मला खाली मान घालून पण अगदी बारकाव्यानिशी सांगितलं, कारण ते त्यानं मनात शंभरदा उगाळलेलं होतं. तेलानं मालिश, चुंबन, हातानं, आणि मग कंडोम लावून एखादा मिनिट तोंडानं. बस्. संभोग नाही. बाहेर पडल्यावर त्याला रिक्षातच मळमळायला लागलं.

आता एवढ्यावर जोखीम किती? माझ्या कामाचा हा भाग खरं तर सगळ्यात सोपा. एचआयव्ही थुंकीतून जात नाही, चुंबनानं जात नाही, हातानं जात नाही, अंगाला अंग लागून जात नाही. रक्त, वीर्य, योनीस्राव, गुदद्वारातला स्राव, आईचं दूध, यातून जातो आणि त्यालाही आत शिरायला वाट लागते. कुणाला अंदाज यावा म्हणून सांगते, समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही आहेच आणि औषधं चालू नाहीत असं धरलं, कंडोम वापरलाच नाही असंही धरलं, तरी योनीसंभोगात पुरुषाला लागण व्हायची शक्यता साधारण १० हजार वेळांत ४ अशी मानतात. याच्या बाबतीत तर संभोगच नव्हता. तोंडानं केलेल्या संबंधात, तेही करून घेणाऱ्याला, तेही कंडोम असताना, एचआयव्हीपुरतं बोलायचं तर काहीही धोका नव्हता. बाकी आजारांचं थोडं वेगळं आहे आणि ते लपवू नये, सिफिलिस, हर्पिस असले आजार कातडीला कातडी लागूनही कधीतरी जाऊ शकतात आणि कंडोमशिवाय तोंडानं केलेल्या संबंधातून गनोरियाही होतो. पण गनोरिया असता तर बहुतेक पुरुषांना आठवड्या-दोन आठवड्यांत लघवीला जळजळ होते, पू येतो. याला अडीच महिने काही नव्हतं, जखम नव्हती, फोड नव्हता. सिफिलिसची टेस्ट तीन महिन्यांनी एकदा करून टाकायची आणि विषय बंद, एवढीच खरी वैद्यकीय गरज.

पण त्याची भीती नुसती हवेतली नव्हती, तिला एक खुंटी होती आणि ती खरी होती. तेल. अंगाला तेल लावलेलं, तेच तेल हाताला, आणि त्याच हातांनी कंडोम चढवलेला. त्यानं कुठंतरी वाचलं की तेलानं लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. हे बरोबरच आहे, म्हणून तर कंडोमबरोबर खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल वापरू नका असं आम्हीच सांगतो, पाण्याचा बेस असलेलं जेल वापरा म्हणतो. पण कंडोम फाटतो तेव्हा तो फाटलेला दिसतो, लपून राहत नाही. आणि हा गडी इतका घाबरलेला होता की त्यानं तिथंच मोरीत नळाखाली कंडोममध्ये पाणी भरून बघितलं होतं. थेंबभरही गळलं नव्हतं. खोलीवर येईपर्यंत तो शांत होता. मग रात्री एक वाजता मनात आलं, आपण नीट बघितलं होतं का? दिवा मिणमिणता होता. थेंब पडला असेल आणि आपल्याला मोरीतल्या ओल्यात कळलं नसेल तर?

इथून पुढं त्याची अडीच महिन्यांची कथा म्हणजे या एकाच "तर?" ची कथा आहे.

पाचव्या दिवशी तो एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला गेला आणि संसर्ग टाळायची औषधं द्या म्हणून अडून बसला. पेप म्हणतात त्याला, ती ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. ७२ तास उलटले होते आणि तसाही त्याला गरज नव्हती, डॉक्टरांनी नाही म्हटलं. ते नाही त्यानं ऐकलं "आता वेळ गेली" असं. सहाव्या दिवशी पहिली टेस्ट. बाराव्या दिवशी विषाणूचं मटेरियल शोधणारी महागडी पीसीआर, अर्धा पगार त्यात गेला. मग एसटी स्टँडजवळच्या एका गुप्तरोगाच्या पाटीवाल्याकडं. त्यानं नाडी बघून सांगितलं की रक्तात घाण गेलीये, आत्ता रिपोर्टात दिसणार नाही, पुढं दिसेल. इंजेक्शनं, काळ्या गोळ्या, पावडरी, तीन हप्त्यांत १८ हजार. या माणसाबद्दल मला अजूनही संताप येतो. आधीच पोरगं बुडत होतं आणि यानं त्याच्या गळ्यात धोंडा बांधला, कारण "आत्ता दिसणार नाही, पुढं दिसेल" या वाक्यानंतर कुठलाच निगेटिव्ह रिपोर्ट त्याच्यासाठी निगेटिव्ह राहिला नाही.

रिपोर्टवरचे आकडे हा आणखी एक घोळ. मशीनवर केलेल्या टेस्टमध्ये निकालासमोर एक इंडेक्स येतो, १ च्या खाली असला की निगेटिव्ह, लॅबच्या भाषेत नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. याचे आलेले ०.०९, ०.१४ आणि ०.२२. त्यानं मोबाईलवर आलेख काढला होता. "मॅडम, वाढत चाललंय बघा." तीन वेगळ्या लॅब, तीन वेगळी मशीनं, आणि १ च्या खालच्या त्या आकड्याला कमी-जास्त असा काही अर्थच नसतो, तो मशीनचा आपला बारीक खडखडाट असतो. हे मी त्याला कागदावर लिहून समजावलं. त्याला पटलं. चेहरा उजळला. दोन तासांनी फोन आला, "मॅडम, पण ०.०९ वरून ०.२२ म्हणजे डबलच्या वर ना?"

आणि शरीर. रोज सकाळी आरशात जीभ बघायची, पांढरी दिसली की टूथब्रशनं घासघास घासायची, मग ती सोलवटून आणखी विचित्र दिसायची. मानेतल्या आणि जांघेतल्या गाठी दिवसातून वीस-वीस वेळा दाबायच्या, दाबून दाबून त्या दुखायला लागल्या की "बघा, अवधाण आलंय". मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला रात्री घाम येणारच, पण त्यानं वाचलेल्या यादीत रात्रीचा घाम होता. हाताच्या लवणीत घामोळं उठलं, यादीत पुरळ होतं. जेवण तुटलेलं म्हणून सहा किलो वजन घटलं, यादीत वजन घटणंही होतं. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या लक्षणांची यादी वाचलीत तर कळेल, ताप, घसा, अंगदुखी, थकवा, पुरळ, साध्या व्हायरल तापाची यादी काढली तरी हीच निघेल. म्हणून लक्षणांवरून एचआयव्ही ठरवता येत नाही, टेस्टवरूनच ठरतो. आणि टेस्ट तर सात झालेल्या.

मी काय केलं ते आता सांगते. पद्धतीप्रमाणे टेस्टच्या आधीचं समुपदेशन केलं, संमती घेतली, टेक्निशियननं रॅपिड केली, निगेटिव्ह आली, आठवी. निकाल हातात दिला, नीट समजावलं. आणि मग, सवयीनं, दिवसाला पंधरा जणांना म्हणते तेच वाक्य म्हणाले: "तीन महिने पूर्ण झाले की एकदा परत येऊन जा."

त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पडला. मला तेव्हा कळलं नाही, पुढं त्यानंच सांगितलं की त्याच्या डोक्यात फक्त तेवढंच राहिलं, म्हणजे मॅडमलाही अजून खात्री नाही. विंडो पिरियड ही गोष्ट आम्ही इतकी घोकलेली असते की ती कुणाला लागू आहे याचा विचारच करत नाही. विंडो पिरियड म्हणजे लागण झाल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंतचा काळ. ज्याला लागण व्हावी असं काही घडलेलंच नाही त्याला कसला विंडो पिरियड? शिवाय त्याच्या हातात पंचेचाळिसाव्या दिवसाची आणि त्यानंतरची, चौथ्या पिढीची म्हणजे अँटिबॉडीबरोबर विषाणूचा पी-२४ हा तुकडाही शोधणारी लॅबची टेस्ट होती, आणि ती ४५ दिवसांनी निर्णायक धरतात. सिफिलिससाठी तीन महिन्यांनी या, एचआयव्हीची गरज नाही, असं वेगळं करून सांगायला हवं होतं. मी दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळलं.

दुसरी चूक मोठी. त्याची अवस्था बघून मी माझा नंबर दिला. वाटलं, एकटा मुलगा आहे, रात्री-अपरात्री धीर लागेल. पुढचे सहा आठवडे मी त्याला धीर देत राहिले. तो विचारायचा, मी उत्तर द्यायचे. तिच्या हाताला कापलेलं असलं तर? नाही होत. तोंडातून रक्त येत असलं तर? कंडोम होता ना. कंडोमच्या कडेपाशी थुंकी लागली असली तर? थुंकीतून जात नाही. सकाळी सात, दुपारी ब्रेकमध्ये, रात्री दोन. एका रात्री ४१ मेसेज होते. प्रत्येक उत्तरानंतर "थँक्यू मॅडम आता टेन्शन गेलं" आणि मग पुढचा प्रश्न, आधी दिवसानं यायचा, नंतर तासानं, नंतर दहा मिनिटांनी. नायट्याला खाजवलं की कसं क्षणभर बरं वाटतं आणि मग दुप्पट खाज सुटते, तसं चाललं होतं, आणि खाजवणारी नखं माझी होती. हे मला दिसलं नाही याचं वाईट वाटतं. मी चांगलं काम करतेय असंच समजत होते.

तीन महिने झाले, आला, नववी निगेटिव्ह, सिफिलिस निगेटिव्ह. मी म्हटलं सुटलास रे बाबा. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी त्यानं कुठंतरी सहा महिन्यांचा विंडो पिरियड वाचला. हे जुन्या काळचं आहे, जुन्या किट होत्या तेव्हा सहा महिने सांगायचे आणि ती जुनी माहिती अजून सगळीकडं पडलेली आहे. जूनमध्ये त्यानं मला न सांगता आणखी दोन टेस्ट केल्या. अकरा.

मग एका दुपारी तो आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी नव्हती, आणि त्यामुळं मला जास्त भीती वाटली. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम, पॉझिटिव्ह आला तर मी गाडीखाली जाणार, ठरवलंय." अशा वेळी विषय बदलू नये, कसलं अभद्र बोलतोस असंही म्हणू नये, सरळ विचारावं. मी विचारलं, फक्त मनात येतं की कसं, कधी, कुठं हे ठरवलंयस? पूर्वी कधी प्रयत्न केलायस? आत्ता, आज, इथून बाहेर पडल्यावर काय करणार आहेस? विचारल्यानं माणूस त्या वाटेला जात नाही, उलट त्याला पहिल्यांदा कुणीतरी त्या जागी सोबत येतं. रडला. तेव्हा कुठं मूळ गोष्ट बाहेर आली.

स्पामध्ये गेल्यावर दहा दिवसांनी तो गावी गेला होता, बायकोजवळ झोपला होता. परत आल्यावर पंधरा दिवसांत फोन आला, तिला दिवस गेलेत. म्हणजे तो स्पामध्ये गेला तेव्हाच तिला महिना-दीड महिना झालेला होता आणि त्याला माहीत नव्हतं. आपल्याकडं प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं की आशाताई घेऊन जाते, आणि ही फार चांगली गोष्ट आहे, कारण आईला असला तरी औषधांनी बाळाला वाचवता येतं. पण याच्या डोक्यात ते असं बसलं की एक दिवस तिकडं गावात, सिस्टरसमोर, आईसमोर, तिचा रिपोर्ट येणार आणि सगळं उघडं पडणार. तिचा रिपोर्ट मार्चमध्येच आला होता, निगेटिव्ह. त्यानं फोनवर तीन वेळा वाचून घेतला. मग वाटलं, तिचाही विंडो पिरियड असेल.

तेव्हापासून तो गावी गेला की तिच्यापासून लांब झोपायचा, टॉवेल वेगळा, ताट वेगळं, तिनं पोटावर हात ठेवायला सांगितला तर हात मागं घ्यायचा. तिला वाटलं याचं बाहेर कुठं जमलंय. तिच्या भावानं येऊन विचारलं. घरात भांडणं. जे होऊ नये म्हणून तो इतका जपत होता ते त्या जपण्यानंच होत होतं.

त्याला एचआयव्हीची भीती होती हे खरंय, पण त्याच्या खाली अपराधी भाव होता आणि तो टेस्टनं निगेटिव्ह येत नाही. "मी केलं ते चूक होतं, मग त्याची शिक्षा मिळायलाच पाहिजे" असा हिशोब. यात आमचाही वाटा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भारतात १९८६ मध्ये चेन्नईला पहिल्यांदा एचआयव्ही आढळला, तेव्हापासून पुढं कितीतरी वर्षं आपण हा आजार कवटी आणि लाल फुलीनं, एड्स म्हणजे मृत्यू असं भिंतीवर लिहून लोकांना सांगितला. मीही लहानपणी एसटी स्टँडवर तेच वाचलंय. २००४ मध्ये सरकारी दवाखान्यात एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, मोफत सुरू झाली, आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी, नियमित घेतली आणि विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की त्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, माणसं म्हातारी होतात, लेकरंबाळं निगेटिव्ह जन्मतात. पण भिंतीवरची कवटी डोक्यातून गेलेली नाही. आणि त्या बाईबद्दल तो "तसली", "घाण" असं बोलायचा, तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, ती तिच्या कामावर होती, तिनं कंडोम लावल्याशिवाय पुढं काही केलं नाही, त्या खोलीत तुझ्या तब्येतीची काळजी घेणारी एकटी तीच होती. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच दिवशी त्याच्या संमतीनं मोठ्या भावाला फोन केला, जिवाबद्दल बोलतोय एवढंच सांगितलं, बाकी काही नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं गुप्तता बंधनकारक आहे आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. भाऊ संध्याकाळपर्यंत आला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी.

तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून निदान केलं, ओसीडी, सोबत उदासीनता. लोकांना ओसीडी म्हणजे सारखे हात धुणं एवढंच माहीत असतं. शंका येणं, ती असह्य होणं, तपासून बघणं, थोडा वेळ सुटका, परत शंका, हे चक्र कशाभोवतीही फिरू शकतं, कुलपाभोवती, देवाभोवती, आणि एचआयव्हीभोवती तर फार वेळा. त्याला गोळी सुरू केली, एसएसआरआय गटातली, आणि आधीच सांगितलं की ओसीडीत फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात, दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून सोडू नकोस. आणि मानसतज्ज्ञ मॅडमकडं दर आठवड्याला बसायचं.

मानसतज्ज्ञांनी पहिल्यांदा मला फोन केला आणि म्हणाल्या, त्याला उत्तरं देणं बंद करा. आज. माझा त्यांच्याशी वादच झाला. त्यांनी त्याला रोज दहा मिनिटं एक वाक्य लिहून मोठ्यानं वाचायला दिलं होतं: मला एचआयव्ही असेल किंवा नसेल, मी आज टेस्ट करणार नाही. मी म्हटलं, असं कसं, असेल किंवा नसेल काय, नाहीच आहे, अकरा टेस्ट आहेत, मी शपथेवर सांगते. त्या म्हणाल्या, तुम्हाला माहितीये, मलाही माहितीये, अकरा वेळा त्यालाही कळलंय, त्याला माहिती कमी पडत नाहीये, त्याला शंभर टक्क्यांच्या खाली राहता येत नाहीये. तुम्ही शंभर टक्के देत राहिलात तर तो एकशे एक मागेल. मला हे पचायला आठवडा लागला. वीस वर्षं मी माहिती देण्याचंच काम करतेय.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. तो मला प्रश्न पाठवणार नाही, पाठवला तर माझं उत्तर एकच, "हा शंकेचा प्रश्न आहे", आणि महिन्याभरानं तेही बंद. गाठी दाबणं बंद, हात गेला तर परत आणायचा. जीभ फक्त दात घासताना, ब्रश फक्त दातांना. मोबाईलवर शोधणं बंद, हे सगळ्यात अवघड गेलं, रूममेटकडं मोबाईल ठेवून झोपायचा. गावी गेला की घरचाच टॉवेल. बायकोजवळ बसायचं. पहिले तीन आठवडे त्याची हालत आधीपेक्षा वाईट होती आणि हे सांगितलंच पाहिजे, कारण घरच्यांना वाटतं उपचारानं बिघडलं. तो मेसेज टाइप करायचा, मला "टायपिंग" दिसायचं, मग थांबायचं, परत दिसायचं. उत्तर देणं मला जितकं सोपं होतं तितकंच न देणं जड जात होतं.

बायकोला सांगायचं का, हा प्रश्न उरला. आमच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांचं मत होतं की सांगून टाकावं, मोकळा होईल. मला ते पटलं नाही. तिच्या तब्येतीला धोका असता तर गोष्ट वेगळी होती, तिथं जोडीदाराला सांगणं आणि तपासणं आवश्यकच. इथं धोका नव्हता. आणि सातव्या महिन्यात असलेल्या बाईपुढं स्वतःचं मन हलकं करण्यासाठी सगळं ओतणं हेही त्याचं एक तपासून बघणंच झालं असतं, फक्त लॅबऐवजी तिच्याकडून. मी एवढंच म्हटलं की घाबरून सांगू नकोस, सांगायचंच असेल तर शांत झाल्यावर, तिच्यासाठी म्हणून सांग, आणि तो निर्णय तुझा. त्यानं अजून सांगितलेलं नाही. पण एक गोष्ट त्यानं सांगितली, की मला भीतीचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, तुझ्यापासून लांब राहत होतो ते त्यामुळं. ती रागावली, मग रडली, मग भावाला फोन करून म्हणाली आता काही विचारू नका.

ऑगस्टच्या शेवटाला फरक दिसायला लागला. शंका थांबल्या नाहीत, पण शंका आली तरी तो कामावर जायला लागला. वजन चार किलो भरलं. सप्टेंबरच्या शेवटी मुलगी झाली, नॉर्मल, पावणेतीन किलो.

नोव्हेंबरमध्ये बाळाला दीड महिन्याची लस दिली आणि रात्री ताप आला, पेंटाव्हॅलंटनंतर येतोच बऱ्याच बाळांना. रात्री साडेअकराला माझ्या मोबाईलवर त्याचं "टायपिंग" दिसलं, तीन महिन्यांनी पहिल्यांदा. मी मोबाईल हातात धरून बसले. काय विचारणार ते मला ठाऊक होतं, उत्तरही तयार होतं, एका ओळीचं. टायपिंग थांबलं. काही आलं नाही. सकाळी आठला मेसेज होता, "बाळाला रात्री ताप होता. आशाताईला फोन केला, त्यांनी थेंब सांगितले, उतरला. तुम्हाला विचारणार होतो, नाही विचारलं."

गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी बरं वाटलं तरी किमान वर्षभर तरी बंद करायच्या नाहीत असं बजावलंय. मानसतज्ज्ञांकडं आता महिन्यातून एकदा जातो. ती कापडी पिशवी त्यानं मागच्या वेळी माझ्याकडं आणून दिली, नष्ट करा म्हणाला, मी म्हटलं तूच कर. त्यानं अकराही रिपोर्ट माझ्यासमोर फाडले आणि पिशवी घडी करून खिशात घातली, येताना मंडईतून भाजी आणायला सांगितलं होतं घरून.